रेसिडेंट डॉक्टरच्या घरचा विमा: आधी कर्जावर सही कुणाची ते बघा

आमचे हे, म्हणजे माझे मिस्टर, ऑर्थोला (हाडांच्या विभागात) जेआर-टू आहेत, म्हणजे एमबीबीएसनंतर पुढचं शिकत हॉस्पिटलात ड्युटी करणारे दुसऱ्या वर्षाचे रेसिडेंट, कुठल्या हॉस्पिटलला ते राहू दे. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका चादर-टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघते, मुलगी दीड वर्षाची, जुळे सोलापुरात भाड्याने राहतो. घरात डॉक्टर असला की लोकांना वाटतं ह्यांना काय कमी, पण रेसिडेंटचं घर म्हणजे काय ते रेसिडेंटच्या बायकोला विचारा. नावापुढे डॉक्टर, महिनाअखेर किराणावाल्याची वही, आणि बँकेत शिक्षणाचं कर्ज. गेल्या वर्षी मी ह्या विम्याच्या भानगडीत पडले, दोन-तीन महिने रोज रात्री मुलगी झोपल्यावर पॉलिसीचे कागद वाचले, त्यातून जे कळलं ते सांगते. मी एजंट नाही, कुठल्या कंपनीचं नावही घेणार नाही.

लग्न ठरलं तेव्हा नात्यातल्याच एकांनी ह्यांना एक पॉलिसी गळ्यात घातलेली. वर्षाला ४८ हजार हप्ता, वीस वर्षं भरायचा, शेवटी पैसे परत, आणि मधे माणूस गेला तर घरच्यांना ८ लाख आणि वर जो काय बोनस जमला असेल तो. ऐकायला छान वाटतं ना, पैसे पण परत, विमा पण. पण ह्यांचं शिक्षणाचं कर्ज २२ लाख, आणि त्यावर सहकर्जदार म्हणून सही मामांची, म्हणजे सासऱ्यांची. मामा एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेत, बार्शीला दोन खोल्यांचं घर आहे. उद्या ह्यांना काही झालं तर बँक मामांच्या दारात जाणार, कारण सहकर्जदार म्हणजे नुसता साक्षीदार नाही, कर्ज त्याचं पण तेवढंच असतं. आठ लाखांनी बावीस लाख कसे फिटणार सांगा. हे मी जेवताना बोलले तर आत्या, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, जेवणाच्या ताटावर कसलं अभद्र बोलतेस. मामा मात्र हातातली भाकरी ठेवून गप्प बसले, त्यांना बरोबर कळलं होतं.

म्हणून सगळ्यात आधी कर्जाचे कागद काढा आणि बघा सही कुणाकुणाची आहे. कर्ज देताना बँकेने त्यावर विमा लावलाय का तेही बघा, काही ठिकाणी लावलेला असतो आणि घरच्यांना पत्ता नसतो. असला तर तो कुठल्या तारखेपर्यंत आहे, रक्कम कर्जाबरोबर घटत जाते का, हे विचारून घ्या. आमच्याकडे नव्हता.

आता लाइफ इन्शुरन्स. साधा टर्म प्लॅन घ्या, माणूस गेला तर पैसे, नाही गेला तर काही नाही. "काही नाही" ऐकलं की आपल्याकडे लोकांच्या पोटात दुखतं, वाया गेले म्हणतात, पण गाडीचा इन्शुरन्स वाया गेला म्हणून कुणी रडत नाही. किती रकमेचा घ्यायचा त्याचा हिशोब मी कारखान्यातल्या खतावणीसारखा केला. घरखर्च महिना ४० हजार म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार, वीस वर्षांचे ९६ लाख. व्याज आणि महागाई एकमेकांना खाऊन टाकतात असं धरलं, फार बारीक जायचं नाही. कर्ज २२ लाख. मुलीच्या शिक्षणाला २० लाख. झाले १ कोटी ३८ लाख. त्यातून एफडीचे ३ लाख वजा, १ कोटी ३५. आम्ही दीड कोटी ठरवले.

कंपनी मात्र तुम्हाला पाहिजे तेवढी रक्कम देईलच असं नाही, ती आजची कमाई बघते आणि त्याच्या काही पट देते. स्टायपेंडची (रेसिडेंटला दरमहा मिळणाऱ्या पैशांची) स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, फॉर्म १६ किंवा आयटीआर, एवढं तयार ठेवा. आयटीआर दरवर्षी भरून ठेवला असेल तर काम सोपं होतं, कमाई करपात्र नसली तरी भरा. एखादी कंपनी कमी रक्कम द्यायला लागली तर आत्ता मिळते तेवढी घ्या, कन्सल्टंट झाल्यावर दुसरी पॉलिसी घेता येते, एकाच पॉलिसीत जन्म काढायचा असं काही नाही. काही प्लॅनमध्ये लग्न झालं, मूल झालं की मेडिकल न करता रक्कम वाढवायची सोय असते, ती आहे का विचारा.

मुदत साठ-पासष्ट वयापर्यंत पुरे. पंच्याऐंशीपर्यंत, नव्याण्णवपर्यंत असले प्लॅन दाखवतात, हप्ता फुगतो, आणि त्या वयात आपल्या कमाईवर कोण अवलंबून असणार. पैसे परत मिळणारा टर्म प्लॅन पण दाखवतात, त्याचा हप्ता साध्यापेक्षा बराच जास्त असतो, तोच फरक आरडीत टाका की. आणि एक चांगली गोष्ट म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक लाइफ आणि हेल्थ पॉलिसीच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला. कुणी जुनं कोटेशन दाखवत असेल तर नवीन काढायला लावा.

जुन्या पॉलिसीचं काय केलं म्हणाल तर दोन हप्ते भरून झाले होते, ती पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद, जे काय कमी झालेलं मिळायचं ते मुदतीला मिळेल. त्या नातेवाइकांनी दिवाळीला फराळ पाठवला नाही, चालायचंच. पण क्रम लक्षात ठेवा, आधी नवीन टर्म पॉलिसी हातात येऊ द्या, मगच जुनी बंद करा. मेडिकलमध्ये काही निघालं आणि नवीन नाकारली तर दोन्हीकडून गेलात.

आता नॉमिनी. इथे मी सगळ्यात जास्त डोकं घातलं. विवाहित स्त्रियांच्या संपत्तीचा एक जुना कायदा आहे, १८७४ चा, विमावाले त्याला एमडब्ल्यूपी म्हणतात. नवऱ्याने पॉलिसी घेतानाच त्या कायद्याखाली बायको-मुलांच्या नावाने केली तर तो पैसा त्यांचाच, नवऱ्याला कर्ज देणारे त्याला हात लावू शकत नाहीत. फॉर्म भरतानाच करावं लागतं, नंतर सुचलं तर उपयोग नाही, आणि एकदा केलं की लाभार्थी बदलता येत नाहीत. मला वाटलं झालं, दीड कोटी सगळे ह्यात टाकू. मग रात्री झोप येईना. माझे पैसे सुरक्षित, बँकेला हात लावता येणार नाही, मग बँक जाणार कुठे? मामांकडेच ना. म्हणजे सून मोकळी आणि सासरा बार्शीचं घर विकतोय. माझ्या मनात तसं नसलं तरी त्या वेळी माझं डोकं ठिकाणावर असेल का, माहेरचे काय सांगतील, कुणाला माहीत.

मग आम्ही दोन पॉलिसी केल्या. एक सव्वा कोटीची, एमडब्ल्यूपीखाली, माझ्या आणि मुलीच्या नावाने. दुसरी २५ लाखांची, साधी, नॉमिनी मामा, ती फक्त कर्जासाठी. हप्ता एकत्र घेतली असती त्यापेक्षा थोडा जास्त पडला, पण घरात उद्या भांडणाला जागा राहिली नाही. कर्ज फिटलं की ती छोटी बंद केली तरी चालेल. ज्यांचं लग्न व्हायचंय त्यांनी आई-वडिलांना नॉमिनी करा, आणि लग्न झालं की आपणहून बदला, विम्यातलं नाव लग्नाने आपोआप बदलत नाही.

इथपर्यंत मरणाचं झालं. खरी गोम पुढे आहे. माणूस राहिला पण हात गेला तर?

एकदा हे रात्री दोनला घरी आले, डाव्या अंगठ्याला पट्टी. के-वायर (मोडलेलं हाड धरून ठेवायची तार) घालताना तार घसरून दोन ग्लोव्ह फोडून अंगठ्यात शिरलेली. पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह होते म्हणून पुढचं टळलं, पण आठ दिवस अंगठा वाकत नव्हता आणि ते शर्टाचं बटण लावताना आरशात बघून नुसते उभे राहायचे. दुसऱ्या दिवशी दुपारी डब्बा खाताना मी अपघात विम्याचा तक्ता उघडला. हे तक्ते अजब असतात, माणसाचे भाव लावलेले असतात. अंगठा गेला तर विमा रकमेच्या २० ते २५ टक्के, तर्जनी १० टक्के. म्हणजे ५० लाखांच्या पॉलिसीत अंगठ्याचे १० ते साडेबारा लाख, तर्जनीचे ५. आमच्या कारखान्यातल्या हिशोबनिसाचा अंगठा आणि ऑर्थोच्या सर्जनचा अंगठा, भाव एकच. आणि तेही अंगठा तुटला किंवा पूर्ण निकामी झाला तर, नुसता आखडला, पकड गेली, तर बऱ्याच ठिकाणी शून्य.

अमेरिकेत रेसिडेंट लोक ट्रेनिंगमध्येच डिसॅबिलिटी पॉलिसी घेतात, त्यात "स्वतःचा व्यवसाय" अशी व्याख्या असते. सर्जनला सर्जरी करता येईना झाली, तो शिकवून कमवत असला तरी दरमहा पैसे चालू. आपल्याकडे तशी पॉलिसी साध्या माणसाला सहजासहजी मिळत नाही. इथे पूर्ण अपंगत्वाची व्याख्या बऱ्याच ठिकाणी "कुठलंही काम करून कमवता येत नाही" अशी असते. हात थरथरायला लागला, ऑपरेशनं बंद झाली, पण ओपीडी करता येते ना, मग तुम्ही पूर्ण अपंग नाही. म्हणून पॉलिसी घेताना रक्कम नंतर बघा, आधी व्याख्येचं पान वाचा. आणि सिव्हिलच्या बोर्डाकडून ४० टक्क्यांचं अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळालं म्हणजे विमा मिळाला असं नाही, सरकारी टक्के वेगळे आणि पॉलिसीतली व्याख्या वेगळी.

मग करायचं काय, तर तुकडे जोडून गोधडी शिवायची. पहिला तुकडा वैयक्तिक अपघात विमा. ह्यात डॉक्टर, वकील, अकाउंटंट लोकांना सगळ्यात कमी जोखमीच्या गटात धरतात म्हणून हप्ता कमी असतो. त्यात चार गोष्टी बघा, अपघाती मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व, कायमचं अंशतः अपंगत्व, आणि चौथी जी एजंट सांगत नाहीत ती म्हणजे तात्पुरतं पूर्ण अपंगत्व, टीटीडी म्हणतात. पाय मोडून तीन महिने घरी बसलात तर दर आठवड्याला पैसे. सरल सुरक्षा बीमा म्हणून एक ठरलेल्या साच्याची पॉलिसी आहे, कंपनी कुठलीही असली तरी अटी त्याच, रक्कम अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. त्यात टीटीडी जादा पैसे भरून घेता येतं, आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के, जास्तीत जास्त १०० आठवडे. ५० लाखांवर आठवड्याला १० हजार झाले, रेसिडेंटच्या घराला तेवढं पुष्कळ. टर्म प्लॅनला जोडून जो अपघाताचा रायडर, म्हणजे जोडविमा, देतात तो बऱ्याचदा फक्त मृत्यूचाच असतो, त्याच्यावर अपघात विमा झाला असं समजू नका.

सुई टोचून काविळीचा व्हायरस किंवा एचआयव्ही लागला तर तो अपघात की आजार? बहुतेक अपघात पॉलिसी त्याला आजार म्हणून बाजूला ठेवतात. कंपनीला ईमेल करून लेखी विचारा, फोनवरच्या "हो मॅडम, कव्हर आहे" ला काडीची किंमत नाही. टोचलं की लाज न बाळगता कॅज्युअल्टीच्या रजिस्टरमध्ये नोंद करायला लावा, एचआयव्हीची पीईपी (लागण टाळायची औषधं) लवकरात लवकर, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला पाहिजे, हे डॉक्टरांना माहीत असतं पण स्वतःच्या बाबतीत "बघू सकाळी" म्हणतात. हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का आणि अँटी-एचबीएस (लसीने संरक्षण मिळालं का ते सांगणारी रक्ततपासणी) १० च्या वर आहे का, हे मी ह्यांना दहा वेळा विचारल्यावर तपासलं. तपासणी ठीक निघाली, पण एमबीबीएसला डोस कधी घेतले ते आठवत नव्हतं, अस्थिरोग शिकतात आणि स्वतःचं कार्ड सापडत नाही.

दुसरा तुकडा क्रिटिकल इलनेस. यादीतला मोठा आजार निघाला तर एकरकमी पैसे. पहिले ९० दिवस काही मिळत नाही, आणि निदानानंतर ठरावीक दिवस, बऱ्याच ठिकाणी ३०, माणूस जगावा लागतो. व्याख्या कडक असतात, स्ट्रोक म्हणजे नुसता स्ट्रोक नाही, त्याचा परिणाम किमान तीन महिने टिकून राहिला पाहिजे. टीबी ह्या यादीत नसतो, आणि वॉर्डात राहून टीबी होणारे रेसिडेंट कमी नाहीत. कमरेची गादी सरकणं पण नसतं, ऑर्थोवाल्यांनी शिशाचा जड एप्रन घालून तासन् तास उभं राहायचं आणि कंबरच यादीत नाही, असं आहे सगळं.

म्हणून तिसरा तुकडा कंपनीकडे नाही, तुमच्याकडेच आहे, सहा महिन्यांचा घरखर्च एफडीत. रेसिडेंटची रजा लांबली की ट्रेनिंगची मुदतही लांबते, म्हणजे कन्सल्टंटची कमाई तेवढी पुढे गेली. रजेच्या काळात स्टायपेंडचं काय ते आधीच ऑफिसात विचारून ठेवा. चौथा तुकडा छोटा आहे, अपंगत्व आलं तर टर्म प्लॅनचे पुढचे हप्ते माफ होतील असा रायडर, तो घ्या, फार पैसे पडत नाहीत.

बाइकचं सांगायचं राहिलं. गाडीच्या इन्शुरन्समध्ये मालक-चालकाचा १५ लाखांचा अपघात विमा असतो, पण तो गाडी ज्याच्या नावावर त्याला. हे चालवायचे मामांची स्प्लेंडर, आरसी मामांच्या नावावर, ते बार्शीत आणि गाडी सोलापुरात. छत्तीस तासांची ड्युटी करून माणूस सात रस्त्याच्या सिग्नलला पेंगत उभा, आणि विमा बार्शीतल्या म्हाताऱ्याचा. गाडी ह्यांच्या नावावर करून घेतली, आरटीओच्या दोन चकरा झाल्या. डबल ड्युटीनंतर आता रिक्षाने येतात, निदान मला सांगतात तरी तसं.

फॉर्म स्वतः भरा. एजंटला भरू दिलात तर तो सगळीकडे "नाही" टिक करतो, काम लवकर होतं ना त्याचं. मावा, सिगरेट, "कधीतरी" हे पण हो मध्येच येतं. इथे दर चौकात टपरी आहे आणि नाइट ड्युटीला मावा मळणारे डॉक्टर मी डोळ्यांनी बघितलेत, लघवीच्या तपासणीत निकोटिनचं सगळं कळतं. आधी टीबी होऊन गेलाय, कावीळ झालेली, डिप्रेशनच्या गोळ्या चालू आहेत किंवा होत्या, सगळं लिहा. गोळ्यांचं लपवणारे पुष्कळ असतात, कॉलेजात कळेल म्हणून, पण फॉर्म कंपनीकडे जातो, विभागप्रमुखांकडे नाही. हप्ता वाढेल, कदाचित थांबायला सांगतील, पण खोटं लिहून घेतलेल्या पॉलिसीवर पहिली तीन वर्षं टांगती तलवार असते. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षं झाल्यावर कंपनीला लाइफ पॉलिसीवर शंका काढता येत नाही, त्याच्या आत मात्र फॉर्ममधली एकेक ओळ उकरून काढतात, आणि त्या वेळी उत्तर द्यायला तो माणूस नसतो, तुम्ही असता. पॉलिसी आली की ३० दिवस मिळतात, नाही पटली तर परत करता येते, त्या दिवसांत फॉर्मची छापील प्रत वाचा, आमच्यात ह्यांच्या जन्मतारखेचा महिना चुकलेला.

हप्ता वर्षाचा ठेवा, महिन्याचा नको. स्टायपेंड कधीकधी किती लांबतो ते तुम्हाला काय सांगायचं. महिन्याच्या हप्त्याला १५ दिवसांची सवलत, वर्षाच्या हप्त्याला ३० दिवसांची. दोन महिने स्टायपेंड आला नाही की महिन्याची पॉलिसी गेलीच. मी दर महिन्याला आरडीत टाकते आणि वर्षाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो, ह्यांच्या नाही, एवढं एक शहाणपण केलं.

बायकोचा विमा पण घ्या हो, कमावती असो नाहीतर घरात असो. मी नसले तर मुलीला कोण सांभाळणार, ऑर्थोचा इमर्जन्सी डे? पाळणाघर आणि स्वयंपाकाच्या बाईचा हिशोब करा, आकडा बघून नवरे गप्प होतात. डॉक्टरांची प्रोफेशनल इन्डेम्निटी ही वेगळीच भानगड, पेशंटने केस केली तर ती उपयोगाची, घरच्यांना त्यातून एक रुपया मिळत नाही, काही जण तिलाच विमा समजून बसलेत. कॉलेजच्या किंवा संघटनेच्या ग्रुप पॉलिसीचं पण तसंच, असली तर चांगलंच, पण तीन वर्षांनी रेसिडेन्सी संपली की ती संपली.

कागद सगळे एका फाइलमध्ये, पॉलिसी नंबर, कर्जाचा खाते नंबर, कुणाला फोन करायचा ते, आणि त्याचे फोटो मामांच्या मोबाइलवर पण. क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा नियामकाच्या १५५२५५ ह्या नंबरवर किंवा बीमा भरोसा पोर्टलवर, तरी नाही झालं तर इन्शुरन्स ओम्बुड्समन (विमा तक्रारींचा लोकपाल), आपल्याला पुण्याचं ऑफिस लागतं, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी तिथे चालतात, फी नाही, वकील लागत नाही, फक्त कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जायचं.

आणि हे सगळं जमेपर्यंत, किंवा इंटर्नशिप चालू आहे आणि हातात काहीच नाही अशांनी, उद्याच्या उद्या बँकेत जाऊन दोन सरकारी योजना चालू करा. प्रधानमंत्री जीवन ज्योती, वर्षाला ४३६ रुपये, माणूस गेला तर २ लाख. सुरक्षा बीमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यूला आणि दोन्ही हात, दोन्ही पाय किंवा दोन्ही डोळे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. पैसे मे अखेरीला खात्यातून आपोआप कटतात, त्या आठवड्यात ४५६ रुपये शिल्लक पाहिजेत, आमच्या ह्यांच्या खात्यात पहिल्या वर्षी ३१२ होते.